डोंगरावरचं वर्तुळ आणि त्यातला ठिपका

हेडफोन लावलेत ना? आज जरा डोंगर चढायचाय.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र एका जुन्या टोपोशीटची प्रिंट घेऊन जुन्नरकडच्या एका डोंगरावर गेलो. किल्ला नाही, लेणी नाहीत, रील करण्यासारखं काहीच नाही. नकाशावर माथ्यावर फक्त एक छोटा त्रिकोण, त्यात ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा. या खुणेचा अर्थ असा, की इथे कधीतरी सर्वेक्षणाचं स्टेशन होतं. दगडावर कोरलेलं एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब, एवढंच आम्ही शोधत होतो.

वर पोचलो तर माथ्यावर खड्डा! गुडघाभर खोल, बाजूला दगडांचा ढीग. त्या खड्ड्याकडे परत येऊच, पण आधी हे टिंब कोणी आणि कशासाठी कोरलं ते ऐका.

१८०२ सालचा एप्रिल महिना. मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी विल्यम लॅम्ब्टन नावाचा इंग्रज अधिकारी शंभर फुटी पोलादी साखळीने जमीन मोजायला लागला. (या साखळीची गंमत बघा. ती चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेलेली. त्याला नको झाली, म्हणून हिंदुस्थानात आली.) साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजायला ५७ दिवस लागले. एवढा वेळ का? कारण या एका रेघेवर पुढचं सगळं उभं राहणार होतं.

शाळेतली भूमिती आठवा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग निघालेली बाजू धरायची, पुढच्या डोंगरावर निशाण लावायचं, कोन मोजायचे, नवा त्रिकोण. असं करत करत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, साधारण ७८ व्या रेखांशाला धरून, जवळपास २४०० किलोमीटरची त्रिकोणांची माळ ओवली गेली. हीच ती ‘ग्रेट आर्क’. पुढे या त्रिकोणांच्या फांद्या देशभर पसरल्या. शिखर क्रमांक १५ ची उंची राधानाथ सिकदारांनी आकडेमोड करून काढली, ती याच जाळ्याच्या जोरावर.

ऐकायला सोपं वाटतं, पण कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा! तो डोंगरावर चढवायचा म्हणजे माणसांच्या खांद्यावरून. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर तो ओढून नेताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्ब्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून ते हाताने दुरुस्त केलं. पावसाळ्यात हवा धुऊन निघाल्यावर लांबचं स्वच्छ दिसतं, म्हणून काम पावसाळ्यात चालायचं. आणि पावसाळा म्हणजे ताप. १८१९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टची तुकडी कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात अशी आजारी पडली, की त्यांना परत आणायला हैदराबादहून हत्ती आणि पालख्या पाठवाव्या लागल्या. वाटेत माणसं मेली. एव्हरेस्टचं नाव शिखराला लागलं. झाडं तोडणारे, निशाणं धरून उन्हात उभे राहणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे खलाशी कोण होते, त्यांची गावं कुठली, ते शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. मला हे खटकतं.

लॅम्ब्टन स्वतःही या कामातच गेला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला, सत्तरीच्या आसपास, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याचे श्रोते असतील तर जरा जाऊन या आणि आम्हाला कळवा.

आता नागपूरकरांसाठी. झीरो माइलच्या चार घोड्यांसोबत सेल्फी सगळ्यांनी काढलाय. पण तिथल्या दगडावरचा आकडा वाचलाय? १०२०.१७१ फूट. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. ‘भारताचा मध्यबिंदू’ वगैरे दावा मी जरा बाजूला ठेवतो, कारण मध्य काढायच्या रीती एक नाहीत. मला भारी वाटतो तो दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा. फुटाचा हजारावा भाग! आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. किनाऱ्यावर भरती-ओहोटी वर्षानुवर्षं नोंदवायची, त्यावरून सरासरी पातळी ठरवायची आणि तिथून टप्प्याटप्प्याने उंची आत आणायची. १९०९ मध्ये देशभरच्या उंचींची जुळणी झाली तेव्हा नऊ बंदरांच्या नोंदी धरल्या होत्या. त्यात मुंबईचं अपोलो बंदरही होतं.

म्हणजे खुणा दोन जातीच्या. उंची सांगणारी ती बेंचमार्क. जुन्या पुलांवर, दगडी इमारतींच्या जोत्यावर ‘जीटीएस’ आणि ‘बीएम’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली की समजा सापडली. आणि जागा सांगणारी ती डोंगरावरची, वर्तुळ आणि टिंबवाली.

आता आपला खड्डा. खाली उतरताना एक मेंढपाळ मामा भेटले. “काय शोधताय रं पोरांनो?”

“मामा, वर एक दगड होता म्हणे. गोल कोरलेला.”

“व्हता की! सायबाचा दगड. गुप्तधनवाल्यांनी रात्रीचा उकरला.” मग जरा थांबून म्हणाले, “निघालं काय? माती.”

डोंगराच्या टोकावर, मधोमध, मुद्दाम कोरलेला दगड पाहिला की कुणालाही वाटणारच, खाली काहीतरी पुरलंय. आणि खरं सांगू? बऱ्याचदा पुरलेलं असायचंच! वरच्या खुणेच्या बरोबर खाली, ओळंब्यात, दुसरा खुणेचा दगड. वरचा कुणी हलवला, तरी जागा हरवू नये म्हणून.

आमच्यातला एक म्हणाला, चल परत वर, अजून फूटभर खणू, खालचा असेल तर मिळेल. दहा मिनिटं वाद झाला. मलाही मोह झालाच होता. पण खालचा दगड तिथे असेल, तर ती जागा सांगणारी तेवढीच एक गोष्ट उरलीय, आणि आमच्या पहारीने तो बोटभर सरकला असता तरी संपलं. आम्ही परत वर गेलो ते खड्डा बुजवायला. ढिगातले दगड आणि माती आत लोटली, वर एक चपटा दगड ठेवला.

आणि वरचा दगड? तो मामांनीच दाखवला. गावाबाहेरच्या देवळाच्या पारावर, बाकीच्या देवांच्या रांगेत उभा आहे. शेंदूर लावलाय, पण बोट फिरवलं की वर्तुळ लागतं, मधलं टिंबही लागतं. मित्राने सवयीने मोबाइल काढून तिथलं लोकेशन सेव्ह केलं. मग त्याच्याच लक्षात आलं आणि त्याने ते डिलीट केलं.