चाप परत येतो तेव्हा

पिस्तुलाच्या इतिहासात गोळीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज बोलायचं आहे ते गोळी सुटल्यानंतरच्या क्षणाबद्दल. बोट सैल केलं की चाप पुढे परत येतो, त्या क्षणाबद्दल.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटामधला कारागीर. मार्च १९११ मध्ये लष्करानं त्याच्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. ६००० गोळ्या झाडल्या, पिस्तूल एकदाही अडलं नाही. त्याच महिन्यात ते स्वीकारलं गेलं आणि १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

त्याच्या मुठीत एक साधी पोलादी स्प्रिंग असते, तीन पट्ट्यांची. डावी पट्टी घोडा अडवून धरणाऱ्या खिटीला दाबते, उजवी मुठीमागच्या सुरक्षा-कळीला. मधलीचं काम मला सर्वांत सुंदर वाटतं. गोळी सुटली की मागे सरकणारी स्लाइड एका छोट्या तुकड्याला खाली दाबते आणि चापाचा खिटीशी संबंध तुटतो. म्हणून एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. बोट सैल केलं की मधली पट्टी चाप पुढे ढकलते, तो तुकडा जागेवर आणते आणि तुटलेला संबंध पुन्हा जुळतो.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं बनवलं, रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीनं बनवलं. शिवणयंत्रांच्या सिंगरनंही ५०० नग दिले. एकाचा भाग दुसऱ्याला बसावा म्हणून जोडणीत थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली होती.

नेमबाजांना मात्र तीच खटकली. ओहायोतल्या कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. जड चापानं नेम हलतो, म्हणून कारागीर भाग घासू लागले, पट्ट्या वाकवू लागले. पुढे बाहेरच्या कंपन्यांचे तयार चापही बाजारात आले. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाला किमान ४ पौंडांचा ताण हवा, असा नियम करावा लागला.

इथूनच ती तक्रार सुरू होते: पहिली गोळी सुटते, मग चाप मागेच राहतो. चाप मेला, पण पिस्तूल मेलेलं नसतं. नळीत दुसरी गोळी आलेली असते. म्हणून जाणता कारागीर पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन काढतो, मग नळी रिकामी करून डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करून घेतो. मग दोष शोधतो. मॅगझिन काढल्यावर चाप मोकळा हलला, तर मॅगझिनभोवतीची चापाची चौकट दबलेली असते. तरीही अडला, तर नवा चाप खाचेत घासत असतो. घासत नसेल, तर हलकेपणाच्या हौसेनं कुणीतरी मधली पट्टी मागे वाकवलेली असते. शेवटचा उपाय जुनाच आहे: मूळचे भाग परत बसवायचे आणि नवा एकेक करून तपासायचा.

पेटीची पट्टी दाबली आणि वर आलीच नाही, तर सूर अडकतो, एवढंच. इथे माणसाचा जीव अडकलेला असतो. सुधारणा करणाऱ्याचं लक्ष चाप ओढण्यावर होतं. ब्राउनिंगनं तो सोडण्याचाही विचार केला होता.