ज्योत आणि आरसा

दिव्याचा इतिहास सांगताना तेल, वात आणि चिमणी यांचा उल्लेख होतो. ज्योतीच्या पाठीमागील आरशाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ज्योतीचा प्रकाश चहूबाजूंना पसरतो. दिवा भिंतीलगत असेल, तर जवळजवळ निम्मा प्रकाश भिंतीवर पडतो आणि काजळलेली भिंत त्यातील बराचसा गिळून टाकते. आरसा नवा प्रकाश निर्माण करीत नाही. वाया जाणारा प्रकाश तो खोलीकडे परत पाठवितो. सपाट आरशाने समोरचा उजेड फार तर दुप्पट होतो. अंतर्वक्र आरसा तोच प्रकाश एका दिशेस एकवटतो. तेथे उजेड कित्येक पटींनी वाढतो, पण आजूबाजूला अंधार राहतो.

सतराव्या शतकातील युरोपात मेणबत्तीच्या मागे घासून चकचकीत केलेला पितळी पत्रा बसवीत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात त्याची जागा काचेचा आरसा घेई. उत्तम आरसे घडविण्याची कला तेव्हा प्रामुख्याने व्हेनिसकडे होती. ती फ्रान्समध्ये रुजावी म्हणून कोल्बेर या मंत्र्याच्या पुढाकाराने 1665 मध्ये राजाश्रयाखाली आरशांचा कारखाना निघाला. व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहाल 1684 मध्ये पुरा झाला. तेथे 17 खिडक्यांसमोर 17 कमानी असून त्यांत 357 आरसे बसविले आहेत. मेणबत्त्यांचा उजेड त्यांत अनेकपट भासे. परंतु तेथे हेतू काटकसरीचा नव्हता, वैभवाच्या प्रदर्शनाचा होता. त्या काळी आरशामागे कथिल व पारा यांचा लेप देत, आणि पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची प्रकृती ढासळे. काचेवर चांदीचा लेप देण्याची रासायनिक रीत लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1835 मध्ये दाखविली. पुढे तीच रूढ होऊन पारा मागे पडला.

काटकसरीचा प्रश्न शास्त्राने हाती घेतला तो रस्त्यासाठी. पॅरिसच्या रस्त्यांवर उजेड कसा करावा, या विषयावर तेथील विज्ञान अकादमीने 1764 मध्ये निबंध मागविले. विशीत नुकताच पदार्पण केलेल्या लाव्हाझिएने परावर्तकांच्या निरनिराळ्या आकारांचा अभ्यास करून निबंध सादर केला आणि 1766 मध्ये त्यास सुवर्णपदक मिळाले. पुढे 1780 च्या सुमारास जिनिव्हाच्या आर्गां यांनी पोकळ, नळीसारखी वात योजून ज्योतीला आतूनही हवा पुरविली. ज्योत प्रखर व स्थिर झाली, आणि तिच्यामागे परावर्तक लावणे अधिकच फायद्याचे ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल स्वस्त झाले व ही युक्ती सामान्यांच्या घरात आली. आपल्याकडेही वीज येण्यापूर्वी भिंतीवर टांगलेल्या दिव्यामागची वाटोळी पत्र्याची तबकडी अनेक घरांत परिचयाची होती. ती रोज पुसावी लागे. काजळी धरलेली तबकडी आणि काळी भिंत यांत फारसा फरक उरत नसे. दिवा एक आणि माणसे अनेक, अशा घरात तिचे तोंड जिकडे, तिकडे उजेड. विद्यार्थ्याच्या वहीकडे वळविली, की स्वयंपाकघर अंधारात. तेल वाढविणे परवडत नसे, म्हणून उजेड कोणाच्या वाट्याला द्यावा, हे घराला रोज ठरवावे लागे. त्या वाटणीत ज्यांच्या वहीवर उजेड पडला, त्यांच्या शिक्षणात अंधारात बसून काम उरकणाऱ्यांचाही वाटा आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.