लेखणीचा धनी कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. नोकरी सोडून केवळ लेखनावर पोट भरण्याचा त्यानें निश्चय केला आहे. त्याचें लेखन छापखान्यांत जात नाहीं. हल्लीं ज्याला ‘ब्लॉग’ म्हणतात, त्या संगणकावरील सार्वजनिक रोजनिशींत तो प्रवास, पुस्तकें, खाद्यपदार्थ अशा विषयांवर दिवसाआड कांहींना कांहीं लिहितो, आणि त्याचा वाचकवर्गही बराच आहे. बोलतां बोलतां तो म्हणाला, “सर, परवां एका हॉटेलवाल्यानें दोन दिवस फुकट ठेवून घेतलें. पाहुणचार उत्तम केला. पण जेवण अगदीं बेताचें होतें. आतां लिहावयाचें आहे. काय लिहूं?” आम्हीं विचारलें, “तूं फुकट राहिलास हें वाचकांस सांगणार आहेस काय?” तो हंसला व म्हणाला, “तें सांगितलें तर पुढचा मला बोलावील कशाला?”

या प्रश्नाला आम्हीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. उपदेश करणें सोपें होतें. परंतु महिन्याचें वेतन ज्याला बिनचूक मिळतें अशा प्राध्यापकानें, ज्याला तें मिळत नाहीं अशा लेखकास निःस्पृहतेचा पाठ द्यावा, हें आमचें आम्हांसच शोभेसें वाटेना. तो गेल्यावर मात्र मनांत आलें कीं, एकट्यानें लिहावें, ठरल्या दिवशीं लिहावें आणि त्यावरच संसार चालवावा, हें संकट कांहीं आजचें नव्हे. यंत्र नवें असेल; पेंच जुना आहे. तो पूर्वीं कोणी कसा सोडविला, किंवा सोडवितां सोडवितां कोण कोठें घसरला, हें पाहिल्यास उपदेशापेक्षां अधिक उपयोग होईल, अशा समजुतीनें पुढील चार शब्द लिहीत आहों.

लेखन हाच ज्याचा धंदा, असा मनुष्य इंग्लंडांत अठराव्या शतकांत ठळकपणें दिसूं लागला. त्यापूर्वीं ग्रंथकार हा बहुधा एखाद्या सरदाराचा आश्रित असे. ग्रंथाच्या आरंभीं त्या सरदाराची स्तुति करावी आणि बिदागी घ्यावी, असा रिवाज होता. पुढें मासिकें व वर्तमानपत्रें निघालीं, पुस्तकविक्रेते पैसे देऊं लागले, आणि आश्रयदात्याची जागा हळूहळू बाजारानें घेतली. या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर जो उभा होता, तो डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४). विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्याच्याविषयीं विस्तारानें लिहिल्यामुळें मराठी वाचकांस तो अगदींच परका नाहीं.

जॉन्सन लंडनांत आला तेव्हां त्याच्यापाशीं विद्या होती, पैसा नव्हता. एडवर्ड केव्ह नांवाच्या मुद्रकानें १७३१ सालीं सुरू केलेल्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकांत त्याला काम मिळालें. पार्लमेंटांतील भाषणें छापण्यास त्या काळीं मनाई होती; म्हणून केव्ह तीं ‘लिलिपुट’ या कल्पित देशाच्या सभेंतील भाषणें म्हणून छापी. १७४० नंतर कांहीं काळ हीं भाषणें लिहिण्याचें काम जॉन्सनकडे होतें. कोण बोलला आणि कोणत्या बाजूनें बोलला, एवढें त्रोटक टिपण हातीं येई. बाकीचें वक्तृत्व जॉन्सनच्या खोलींत जन्मास येई! लोकांस तें इतकें आवडलें कीं, भाषणें खरोखरच तशीं झालीं असें मानलें जाऊं लागलें. हें ध्यानांत आल्यावर त्यानें तें काम सोडलें. आणि मरणापूर्वीं थोडे दिवस त्यानें अशी कबुली दिली कीं, आपल्या एवढ्या लेखनांत मनाला टोंचणी लावणारें असें हें एकच आहे. ती टोंचणी चाळीस वर्षें टिकली! केव्हचे पैसे केव्हांच खर्चून गेले असतील. वाचकाचा विश्वास ज्यांत मोडला तें काम मात्र शेवटच्या अंथरुणापर्यंत सोबत आलें.

ठरल्या दिवशीं लिहिण्याचें दडपण काय असतें, हेंही जॉन्सनइतकें थोड्यांनींच भोगलें असेल. ‘रॅम्ब्लर’ हें पत्र त्यानें मार्च १७५० पासून मार्च १७५२ पर्यंत दर मंगळवारीं व शनिवारीं चालविलें. एकंदर अंक २०८. त्यांतील चार-पांच सोडले तर सर्व एकहातीं लिहिलेले. अंकामागें दोन गिनी मिळत. खप पांचशेंच्या आसपास. छापखान्याचा पोऱ्या दाराशीं तिष्ठत असावा आणि निबंधाचें शेवटचें पान अद्याप लिहावयाचें असावें, असे प्रसंग वारंवार येत. शेवटच्या अंकांत त्यानें हें दुःख मोकळेपणें सांगितलें आहे: चित्त थाऱ्यावर नसो, शरीर व्याधीनें जर्जर असो, नेमलेला दिवस कांहीं थांबत नाहीं. परंतु त्याच अंकांत तो असेंही सांगतो कीं, दोन वर्षांत आपण लोकांच्या क्षणिक कुतूहलाची सेवा केली नाहीं. गांवांत ज्या गोष्टीची चर्चा चालली असेल तीच उचलून खप वाढविला नाहीं. पांचशें प्रतींचें रहस्य बहुधा याच वाक्यांत असावें. पुढें तेच निबंध पुस्तकरूपानें निघाल्यावर आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पण तो न्याय काळानें केला, बाजारानें नव्हे.

एवढ्या मानी पुरुषाच्या चरित्रांतही एक अवघड जागा आहे. १७५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशांत त्यानें ‘पेन्शन’ या शब्दाचा अर्थ देतांना, स्वदेशाशीं बेइमानी करण्याबद्दल सरकारी भाडोत्र्यास मिळणारा पैसा, असा टोमणा मारला होता. आणि १७६२ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजानें देऊं केलेलें सालीना तीनशें पौंडांचें पेन्शन त्यानें स्वतःच स्वीकारलें! पुढें १७७० ते १७७५ च्या दरम्यान त्यानें सरकारपक्षाच्या समर्थनार्थ चोपडीं लिहिलीं. अमेरिकेंतील वसाहतींवर कर बसविण्याचा इंग्लंडास हक्क आहे, असें त्यांतील एकांत प्रतिपादन होतें. तीं मतें त्याचीं स्वतःचींच होतीं, असें आम्हांस वाटतें. तो आधींपासूनच राजपक्षाचा होता. पण हें शपथेवर कोण सांगणार? पैसा घेतल्यानें मत बदलतेंच असें नाहीं. परंतु त्या मताची साक्ष लंगडी पडते. लेखक प्रामाणिक असूनही वाचकास संशय घेण्याचा अधिकार मिळतो, आणि तो अधिकार मग कोणाच्यानें काढून घेववत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. जॉन्सनच्या ‘रासेलस’चें मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलें आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं तें पुरें केलें. ही कादंबरी जॉन्सननें १७५९ सालीं, आईच्या उत्तरक्रियेचा खर्च भागविण्यासाठीं, आठवड्याभराच्या संध्याकाळीं बसून लिहिली होती. विष्णुशास्त्र्यांनीं जानेवारी १८७४ मध्यें निबंधमाला सुरू केली तेव्हां ते पुरे चोवीस वर्षांचेही नव्हते, आणि सरकारी शाळेंत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले, आणि ते जवळजवळ सर्व त्यांनीं एकट्यानें लिहिले. सरकारचा पगार घेऊन सरकारला न रुचणारें लिहिणें ही तारेवरची कसरत होती. मध्यंतरीं त्यांची रत्नागिरीस बदली झाली. शेवटीं १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला, १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि पुढच्या वर्षीं ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्या उभारणींत भाग घेतला. ज्या धन्याचें लेखणीवर दडपण येत होतें, त्या धन्यासच त्यांनीं रामराम ठोकला. हें धैर्य लहान नव्हे.

परंतु सरकार हा एकच धनी होता काय? निबंधमालेचा वाचक कोण, हें पाहिलें म्हणजे दुसरा धनी दिसूं लागतो. तो आमच्या-तुमच्यासारखाच शिकलेला, पांढरपेशा, बहुधा ब्राह्मण. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची विष्णुशास्त्र्यांनीं जी टवाळी केली, तींत भाषेच्या चुका आहेत, व्याकरण आहे, विनोद आहे. मात्र जोतीराव ज्या दुःखाविषयीं बोलत होते त्या दुःखाची दखल नाहीं. तें लिहिण्यास कोणी पैसे दिले नव्हते. पण वाचकाच्या हंशाची त्यांस खात्री होती. पैशाचें दडपण लेखकाला टोंचतें, म्हणून तो सावध तरी राहतो; वाचकाच्या टाळीचें दडपण गोड लागतें, आणि म्हणून तें ओळखूं येत नाहीं.

या गोड दडपणाचें दुसरें उदाहरण १८८२ सालचें आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यांत कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचीं पत्रें टिळक व आगरकर यांच्या हातीं आलीं, आणि तीं खरीं मानून त्यांनीं आपल्या पत्रांतून छापलीं. महाराजांविषयीं लोकांत कळवळा होता. मजकूर वाचण्यास सारा महाराष्ट्र उत्सुक होता. पुढें खटल्यांत पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं माफी मागितली, तरी चार महिन्यांची कैद झाली, आणि १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. त्यांच्या हेतूविषयीं कोणासही शंका नव्हती. १८८३ सालीं अहमदनगरास महाराजांचा जो शोचनीय अंत झाला, त्यावरून लोकांची काळजी अगदींच निराधार नव्हती हेंही दिसलें. तथापि शुद्ध हेतु हा पुराव्याच्या जागीं बसूं शकत नाहीं. वाचक ज्या बातमीची वाट पाहत असतो, तीच बातमी दुप्पट तपासून घ्यावी लागते.

आगरकरांनीं तुरुंगांतून बाहेर आल्यावर जें केलें तें मात्र विरळा. ‘केसरी’चे ते पहिले संपादक, त्यांच्या हातांतील पत्राला वाचक होता, मान होता. परंतु सामाजिक सुधारणेविषयीं आपल्याला जें लिहावयाचें तें तेथें लिहितां येत नाहीं असें दिसतांच त्यांनीं १८८७ सालीं तें सोडलें, आणि १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, संमतिवय यांविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें त्यांच्याच आळींत राहणाऱ्या वाचकांच्या तोंडावर लिहिलेलें होतें. लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. तरी लेखणीचा सूर उतरला नाहीं. १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. वर्गणीदारास न रुचणारें लिहून वर्गणीदाराकडेच वर्गणी मागणें, याला जें बळ लागतें तें सरकारशीं लढण्यास लागणाऱ्या बळापेक्षां कमी नसतें.

आणि ज्याला कोणताच धनी जवळ करीत नव्हता, त्याचें काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ सुरू केलें, तेव्हां त्याची साधी जाहिरात, पैसे देऊं केले असतांही, ‘केसरी’नें छापली नाहीं. अशा वेळीं कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. राजाश्रय म्हणतांच नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आश्रय स्वतः वाईट नसतो. त्याच्या मोबदल्यांत काय मागितलें जातें, आणि तो उघड आहे कीं झांकलेला, यावर त्याची नीति ठरते. पुढें १९२७ सालीं काढलेल्या ‘बहिष्कृत भारता’चे रकाने बाबासाहेबांनीं बहुतांशीं एकट्यानें भरले, तें पत्रही १९२९ सालीं बंद पडलें. १९४३ सालीं पुण्यांत न्यायमूर्ति रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणांत, वृत्तपत्रव्यवसाय हा आतां निव्वळ व्यापार झाला आहे, अशी कठोर टीका त्यांनीं केली. तो अनुभवाचा कडवटपणा होता.

यावरून आमच्या विद्यार्थ्यास काय सांगावें? आज कायद्यानेंही यांत थोडें लक्ष घातलें आहे. मोबदला घेऊन लिहिलेल्या शिफारशीबद्दल तसें उघड सांगावें, असें अमेरिकेंतील व्यापारविषयक सरकारी आयोगानें २००९ सालीं अशा लेखकांस बजावलें. आपल्याकडील जाहिरातदारांच्या स्वनियंत्रण मंडळानेंही २०२१ सालीं तसेच नियम केले. नेमलेल्या दिवसाचें दडपण तर आतां नेमलेल्या तासावर आलें आहे. अमेरिकेंतील अँड्र्यू सलिव्हन या प्रसिद्ध लेखकानें २००० च्या सुमारास अशा लेखनास आरंभ केला. २०१३ सालीं त्यानें जाहिरातींचा आधार सोडून वाचकांकडेच वर्गणी मागितली, आणि वाचकांनीं ती दिलीही. परंतु रोजच्या रगाड्यानें थकून, प्रकृतीसाठीं व सावकाश वाचतां यावें म्हणून, २०१५ सालीं त्यानें तें काम थांबविलें. जॉन्सननें दोन वर्षांत जें भोगलें, तें यानें पंधरा वर्षें भोगलें असें म्हणावयाचें.

आम्हीं विद्यार्थ्यास अखेर पत्र लिहिलें. “जेवण बेताचें होतें हें लिही, आणि तें फुकट होतें हेंही लिही. पहिलें वाक्य एक वेळ गाळलेंस तरी चालेल. दुसरें गाळूं नकोस. मग तुझ्या स्तुतीची किंमत किती धरावयाची, हें वाचक आपलें आपण ठरवील.” त्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. “सर, तुम्ही सांगितलेंत तसें लिहिलें. हॉटेलवाल्यानें नंतर फोन उचलला नाहीं. आतां मी वाचकांकडे वर्षाला तीनशें रुपये वर्गणी मागावयाचें ठरविलें आहे. तुम्ही गेलीं तीन वर्षें माझें सर्व लेखन वाचतां, हें मला ठाऊक आहे.”

हें शेवटचें वाक्य आम्हीं दोनदां वाचलें. लेखणीचा धनी कोण, हा प्रश्न आम्ही इतका वेळ लेखकास विचारीत होतों. तीन वर्षें ज्यानें फुकट वाचलें, त्याच्या वतीनें ते पैसे दुसरा कोणीतरी भरीत होता, आणि तो दुसरा कोण हें आम्हींही कधीं विचारलें नव्हतें. वर्गणी त्याच दिवशीं पाठविली. तीन वर्षांची थकबाकी मात्र त्यानें कांहीं केल्या घेतली नाहीं.