खोताच्या वाडीचे नाव

स्मरणिकेसाठी यंदा आपल्या गिरगावाविषयी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी बजावले. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. पण गिरगावातल्या एका नावाने मला पहिल्याच आठवड्यात दचकवले होते, त्याची हकीकत सांगते.

१९६८ साली लग्न होऊन मी रत्नागिरीकडच्या खेड्यातून कांदेवाडीतल्या चाळीत आले. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चल, खोताच्या वाडीतून जाऊ, जवळ पडते." माझे पाऊलच अडले. माझे वडील खोताचे कूळ. पिकातला वाटा खोताच्या घरी नेऊन घालायचा, बोलावील तेव्हा वेठीला जायचे, अंगणात उभे राहून बोलायचे, हे सारे मी आजीकडून ऐकलेले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला तो १९४९ साली. माझा जन्मही त्याच सालचा. तरी आमच्या घरात तो शब्द हळू आवाजातच निघे.

"खोत अजून तिथे राहतात का हो?" मी भीत भीत विचारले. सासूबाई हसल्या. "अगं, खोत कुठले! सगळी ख्रिस्ती माणसे आहेत तिथे."

ही गंमत मला पुढे उलगडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची होती. त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना विकली. ही मंडळी मुंबईची जुनी रहिवासी, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे हे कळावे म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. स्वतःचे नाव बदलले, वाडीचे मात्र नाही! जमीन विकणाऱ्याचे नाव विकत घेणाऱ्यांनी दोनशे वर्षे सांभाळले.

आणि 'वाडी' म्हणजे तरी काय? आमच्या कोकणात वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. गिरगावातली वाडी ही मुळात बागायत. आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, आमची कांदेवाडी. शिवाय बोरभाट आणि मुगभाट. माहेरी पत्र लिहिताना मला वाटे, पत्ता लिहिते आहे की बाजाराची यादी!

नावे बदलली नाहीत असे नाही. गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग झाला, गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल मार्ग. आमच्या कांदेवाडीला १९२३ साली 'नवाकाळ' काढणारे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाव मिळाले. माणसे थोर, तेव्हा तक्रार कसली! पण पोस्टमन खाडिलकर रोड म्हणे आणि भाजीवाली कांदेवाडी. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती ज्या केशवजी नाईक चाळीत बसला, ती याच रस्त्यावरची.

पुढे एकदा वडील मुंबईला आले, तेव्हा त्यांना मी मुद्दाम खोताच्या वाडीत नेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी कठड्यांची कौलारू घरे, बाहेरून वर चढणारे जिने, मध्येच एक क्रूस. एका ओसरीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना मराठीत पाणी विचारले आणि बसायला खुर्ची दिली. खोताच्या वाडीत वडील पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "उद्या परत त्याच वाटेने जाऊ."

या वाडीत एके काळी ६५ घरे होती म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. पाडलेल्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या. जुन्या लाकडी घराची डागडुजी किती महाग पडते हे चाळीत राहिलेल्या मला कोणी सांगायला नको, म्हणून विकणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. पण मंडळाची पुढची सहल लांब कुठे नेण्यापेक्षा इथे काढावी, असे माझे मत आहे. सकाळी लवकर जावे, गलका करू नये आणि कोणाच्या खिडकीत डोकावू नये. ती राहती घरे आहेत.