बारगिराची तलवार

खंडेनवमीला आमच्या घरात विळा, खुरपं, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि आताशा फवारणीचा पंप असं सगळं पाटावर मांडतात. त्याच्या मधोमध लाल फडक्यावर एक गंजकी मूठ असते. नुसती मूठ. पातं नाही. लहानपणी मी वडिलांना विचारायचो, "दादा, हिचं पातं कुठं गेलं?" दादा म्हणायचे, "पाण्यात गेलं." त्याच्यापुढं बोलायचे नाहीत.

आमचं गाव अंबाजोगाईच्या आसऱ्याचं. निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पगार निजामाच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रज साहेबाचा, अशी ती फौज. १९०३ साली ती इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. माझे पणजोबा या घोडदळात होते. आमच्या भावकीत ते 'सरदार' होते असं सांगतात. लग्नात, बारशात, पारावर, सगळीकडं सरदारच.

१९४८ च्या सप्टेंबरात पुलिस ॲक्शन झाली. १७ तारखेला निजाम शरण आला. मागोमाग गावोगाव हत्यारांच्या झडत्या होणार अशी आवई उठली. आजोबा घाबरले. रात्री उठले, आढ्याला बांधलेली तलवार सोडली आणि मळ्यातल्या विहिरीत टाकली. मग चोवीस वर्षं त्या विहिरीचं पाणी आम्ही प्यालो. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली. दादांनी स्वतः उतरून गाळ उपसला. मी काठावर टोपली ओढायला होतो. तळाशी ही मूठ सापडली. पात्याचे नुसते पापुद्रे, हातात घेतले की चुरा. दादा चिखलात बसून राहिले. रडले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत.

दादा गेल्यावर मनात आलं, मुठीशेजारी एक तलवार असावी. जुनी घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, आणि जुनी म्हणून नवीच गळ्यात मारणारे पुष्कळ. तेव्हा नक्कलच घ्यायची, पण बरी. एक क्विंटल सोयाबीनचे पैसे, चार हजारांच्या आसपास, बाजूला काढले. आधी ठाण्यात जाऊन विचारून आलो. १९५९ चा हत्यार कायदा आहे, धारेचं लांब पातं घरात ठेवलं तर भानगड होऊ शकते. धार न लावलेली घ्या, पावती जपा आणि मिरवणुकीत नाचवू नका, असं सांगितलं. मला तरी कुठं नाचवायची होती!

घोडेस्वाराची तलवार कशी असते ते गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी समजावलं. इंग्रजांनी १७९६ साली हलक्या घोडदळासाठी एक वाकडी तलवार काढली. पातं ३३ इंचांच्या आसपास, वजन किलोच्या आतबाहेर. पुढं त्यांनी ती बदलली आणि जुनी पाती मोडीत निघाली. नोलन नावाच्या इंग्रज कॅप्टनचं घोडदळावर १८५३ सालचं पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी तो बालाक्लाव्हाच्या लढाईत मेला. त्यानं लिहिलंय की निजामाच्या स्वारांनी रोहिल्यांची एक टोळी कापून काढली, आणि जखमांचा अहवाल वाचून तो थक्क झाला. पाहिलं तर इंग्रजांनीच टाकून दिलेली पाती! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईशिवाय उपसायची नाही. गोऱ्यांचं म्यान लोखंडी, कवायतीत शंभरदा काढ-घाल, त्यात धार मरायची. विळा दगडावर आपटणाऱ्या गड्याला हे वेगळं सांगायला नको.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपास तलवारींची दुकानं आहेत. मूठ टॉवेलात गुंडाळली, नातवाला घेतलं आणि अहमदपूर-लोह्यावरून एसटीनं गेलो. दुकानदार सरदारजी, पण मराठी आपल्यासारखं. नातवानं लगेच चकचकीत स्टीलची, लाल मखमली म्यानाची उचलली. बाराशे रुपये. मी मूठ धरून हलवली, आत खुळखुळ. पात्याची शेपटी मुठीत बोटभरच, पुढं बारीक सळई डाग देऊन जोडलेली. खुरप्याचा दांडा ढिला झाला तर फार तर बोट कापतं, हिचं पातं सुटलं तर कुणाचा जीव जाईल.

दुसरी जाडजूड, पाच हजार सांगितले. उचलली तर पहारच. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी जाड पट्टी. खरं पातं मुठीशी जाड आणि टोकाकडं पातळ होत जातं, म्हणून वजन हाताजवळ राहतं. वजन टोकाला कुऱ्हाडीचं असावं, तिला एकदाच पडायचं असतं. स्वाराला वार करून हात परत आणायचा असतो, खाली घोडा पळत असतो.

मग मी टॉवेल सोडला. सरदारजींनी मूठ दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. म्हणाले, "काका, यात पातं लाखेनं बसवत. आता लोखंड खाल्लंय, नवं पातं पेलायचं नाही." मग विचारलं, "तुमचे पणजोबा शिलेदार का बारगीर?"

मी गप्प झालो. दादांच्या तोंडी एकदाच तो शब्द ऐकला होता, गाळ काढताना: "बारगिराची तलवार ती, गेली." शिवकाळात बारगिराला घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा स्वतःचा. पुढं कंटिन्जंटमध्येही शिलेदारी पद्धतच होती. इंग्रजांनी तो शब्द तसाच उचलला. ज्याची घोडा घ्यायची ऐपत नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा, तो बारगीर. म्हणजे आमचे सरदार दुसऱ्याच्या घोड्यावर पोट भरत होते. "बारगीर," मी सांगितलं. नातू माझ्याकडं बघत राहिला. सरदारजी म्हणाले, "मग काय झालं? लढाईत पुढं तोच असतो."

त्यांनी माळ्यावरून एक साधी काढली. पातं मळकट, टोकाकडं निमुळतं, धार नाही. शेपटी मुठीत पूर्ण गेलेली, म्यान लाकडी. टोक जमिनीला टेकवून जरा दाबलं, वाकलं आणि सरळ झालं. अठ्ठावीसशेला ठरली. पावती घेतली.

या खंडेनवमीला दोन्ही पाटावर मांडल्या. भावकीतला एक जण म्हणाला, "वा, सरदारांची तलवार!" नातू मला बोलू न देता म्हणाला, "नाही. ही नांदेडची, अठ्ठावीसशेची. ती मूठ पणजोबांच्या आजोबांची. ते बारगीर होते."

नातं त्यानं बरोबर लावलं होतं. मी मुठीला हळदकुंकू वाहिलं. दादा असते तर त्या दिवशी पोटभर जेवले असते.