साडेतीन शिलिंग आणि खरी कमाई

आजचा भाग स्काउटिंगच्या इतिहासावर आहे. पण गाठी, तंबू, शिट्ट्या बाजूला ठेवू आणि फक्त पैशांचं बोलू.

कारण सांगतो. मी सातवीत असताना आमच्या स्काउट शिबिराची फी दीडशे रुपये होती. न भरलेल्यांची नावं रोज वर्गात वाचली जायची. चौथ्या दिवशी माझा मित्र उठून म्हणाला, "मला यायचंच नाहीये." त्याला यायचं होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं.

आता १९०७ मध्ये जाऊ. ऑगस्टचा पहिला आठवडा, इंग्लंडच्या दक्षिणेला पूल बंदरातलं ब्राउनसी बेट. बेडन-पॉवेल यांनी इथे स्काउटिंगचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. बेट चार्ल्स व्हॅन राल्टे यांच्या मालकीचं, त्यांनी ते वापरायला दिलं. मुलं साधारण वीस. निम्मी ईटन, हॅरोसारख्या बड्या शाळांमधली, निम्मी बोर्नमथ आणि पूलच्या बॉइज ब्रिगेडमधली, म्हणजे कामकरी घरांतली.

फी सरसकट नव्हती. बड्या शाळेतल्या मुलाला एक पौंड, ब्रिगेडच्या मुलाला साडेतीन शिलिंग. तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड व्हायचा, म्हणजे दुसरी फी पहिलीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! एवढ्यात शिबिर भागणार नव्हतंच, उरलेला भार इतरांनी उचलला. पण बेटावर आल्यावर मुलं चार तुकड्यांत मिसळली: लांडगे, बैल, कुरव आणि डोमकावळे. कुणी किती भरले, हे तुकडीवरून कळायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट १९१९ ची. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या स्काउटांना तंबू ठोकायला धड जागा नव्हती. डब्ल्यू. डी बोइस मॅकलारेन या स्कॉटिश स्काउट कमिशनरना हे खटकलं. त्यांनी ७,००० पौंड दिले, त्यातून शहराबाहेर गिलवेल पार्क घेतलं गेलं. पडीक घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी आणखी ३,००० दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे स्काउटमास्तरांचं पहिलं वुड बॅज प्रशिक्षण झालं. आजही वुड बॅजवाल्यांच्या स्कार्फवर मॅकलारेन घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा असतो.

आता तुम्ही म्हणाल, स्काउटनं तर स्वतः कमवायचं असतं ना? बरोबर. पैसे मागू नका, कमवा, यावर बेडन-पॉवेल यांचा भर होता. ब्रिटनमध्ये १९४९ पासून 'बॉब-अ-जॉब' आठवडा गाजला. बॉब म्हणजे शिलिंग. शेजाऱ्याचं काम करा, शिलिंग घ्या. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये हीच कल्पना 'खरी कमाई' म्हणून आहे. बूट पॉलिश करा, सायकली पुसा, स्टॉल लावा. मीही केलंय, मजा यायची.

पण एक गोम आहे. आमच्या चाळीत दिवसभर सायकली पुसून चाळीस रुपये झाले. बंगल्यांच्या कॉलनीतल्या पोरांना एका गाडीचेच पन्नास मिळाले. कष्ट सारखेच, शेजार वेगळा. म्हणजे खरी कमाई मुलाला मेहनतीची किंमत शिकवते, पण शिबिराचं दार सगळ्यांना सारखं उघडत नाही. तिथे कुणाची तरी देणगी लागतेच.

आणि देणगी नुसती असून भागत नाही, ती मुलापर्यंत कशी पोचते हेही बघावं लागतं. ब्राउनसीची फी म्हणून मला आवडते. ती शून्य नव्हती, मुलगा आपले साडेतीन शिलिंग भरून आला होता. आणि फी आधीच ठरलेली असल्यानं "मला परवडत नाही" असं त्याला चारचौघांत म्हणावं लागलं नाही.

तुमच्या शाळेत, मंडळात, ट्रेकिंग ग्रुपमध्ये शिबिर ठरत असेल, तर फीचे दोन आकडे आधीच ठरवून घ्या. आणि यादी वर्गात वाचू नका. आमच्या शिबिराला माझा मित्र शेवटपर्यंत आला नाही.

भेटू पुढच्या भागात.