दुर्गम वाडी आणि आरोग्यसेविका

जुन्नर आणि आंबेगांव या पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांचा पूर्वभाग बागाइतीचा व बाजारपेठांचा. पश्चिमेस मात्र नाणेघाटापासून आहुप्यापर्यंत सह्याद्रीच्या कुशींत महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. आषाढांत ओढे वाट अडवितात, आणि त्याच दिवसांत भाताची आवणी येत असल्यामुळें गरोदर सूनही गुडघाभर चिखलांत उभी असते. अशा ठिकाणीं रात्रीं कळा सुरू झाल्या म्हणजे पूर्वीं आधार एका सुइणीचा. तिचा हात अनुभवी असे; परंतु मूल आडवें आलें किंवा रक्तस्राव थांबेना, तर तिचा उपाय सरे, आणि बाळंतिणीला झोळींत घालून घोडेगांवचा किंवा जुन्नरचा रस्ता धरावा लागे. पुष्कळदां तो रस्ता लांब पडे.

डॉक्टर वाडींत येऊन राहत नाहीं, तर तेथल्या बाईलाच थोडें वैद्यक कां शिकवूं नये, हा विचार महाराष्ट्रांत 1970 नंतर बळावला. त्या वर्षीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेडला काम आरंभिलें, आणि पुढें निरक्षर स्त्रियांना सुद्धां गरोदरपणाची तपासणी व स्वच्छ बाळंतपण शिकविलें. आंबेगांवास लागून असलेल्या शिरूर तालुक्यांत, वढू बुद्रुक येथें, डॉ. बानू कोयाजी यांनीं तोच मार्ग धरिला. त्या 1944 सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत आल्या तेव्हां तें लहानसें प्रसूतिगृह होतें. तें मोठें झालें, तरी खेड्यांतली बाई शहरांत येण्याची वाट पाहण्यापेक्षां शहरानेंच खेड्याकडे जावें, हें त्यांनीं ओळखलें. 1993 सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

सरकारनेंही 2 ऑक्टोबर 1977 रोजीं गांवोगांवीं आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. पण नेमणुका बहुतेक पुरुषांच्या झाल्या! बाळंतिणीच्या खोलींत ज्याला पाऊल टाकतां येत नाहीं, त्याच्या हातीं औषधांची पेटी देऊन काय साधणार?

याचें उत्तर गडचिरोलीहून आलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1993 पासून 39 गांवांत नवजात बालकांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला, आणि तेथल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ केलें. बाळ तोलणें, त्याचा श्वास मोजणें, त्याला ऊब देणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें दिसल्यास इंजेक्शन देणें, हें सर्व त्या शिकल्या. अल्पशिक्षित बाईच्या हातीं सुई म्हणजे शहरी सुशिक्षितांच्या अंगावर कांटा आणणारी गोष्ट. तथापि 1999 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेच्या गांवांपेक्षां नवजात बालमृत्यूंचें प्रमाण 62 टक्क्यांनीं घटलें होतें.

2005 सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून ‘आशा’ आली. सामान्यतः हजार लोकवस्तीस एक. डोंगराळ व आदिवासी मुलखांत वाडीगणिक एक नेमण्याची मुभा. 2011 पासून तिच्याकडे नवजात बालकांच्या घरभेटी आल्या. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं. घरींच जन्म झाला असेल तर पहिल्याही दिवशीं. सपाटीवर हें वेळापत्रक सोपें. घाटमाथ्याजवळ मात्र भरून आलेला एक ओढा तें मोडावयास पुरेसा होतो.

एक गोष्ट खटकते. सरकारदरबारीं ही बाई ‘स्वयंसेविका’ ठरली; म्हणून तिला पगार नाहीं, मानधन आणि कामागणिक मोबदला. 2022 च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. 2023 च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांतील आशा मानधनासाठीं संपावर होत्या.